रेशनकार्डावरची तीन नावे

आमच्या रेशनकार्डावर तीनच नावे होती. बाबांचे, आईचे आणि माझे. वरळीच्या बी.डी.डी. चाळीत असे कार्ड म्हणजे नवलच होते. दुकानदार दर वेळी कार्ड उलटून मागची बाजू बघायचा आणि विचारायचा, "बाकीची गावाला असतात काय?" आई म्हणायची, "बाकीची न्हाईत." मग तो माझ्याकडे बघायचा, जणू बाकीची मीच कुठे तरी हरवून आले आहे. साखर माणशी मिळे, त्यामुळे आमची पिशवी नेहमी हलकी. शेजारच्या खोलीतला पोरगा आठ नावांचे कार्ड घेऊन यायचा आणि खांद्यावर ओझे टाकून ऐटीत निघायचा. मला त्या ओझ्याचा हेवा वाटायचा.

ज्यांचे बालपण बी.डी.डी.त गेले त्यांना सांगायला नको. वरळीत १२१ चाळी, एकेका चाळीत ८० खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत आठ-दहा माणसे झोपत. पुरुष मंडळी गॅलरीत, गच्चीवर किंवा जांबोरी मैदानाच्या कडेला पथारी टाकत. आमच्या खोलीत मात्र तिघे हातपाय पसरून झोपायचो. पाहुणे आले की म्हणायचे, "तुमचं बरं हाय, बंगला हाय तुमचा." आई हसायची. ते हसू खरे नव्हते हे मला फार उशिरा कळले.

माझा जन्म १९७९ चा. बाबा गिरणीत रिंग खात्यात होते. आमची बहुतेक माणसे रिंग खात्यातच का, याचे कारण नव्या पिढीला माहीत नसते म्हणून सांगते. विणकाम खात्यात धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याने कसा तोंडाला लावायचा, म्हणून त्या जादा पगाराच्या खात्यात आपल्याला मज्जाव. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. बाबा गिरणीत लागले तेव्हा कायदा बदललेला होता, पण आजोबा रिंग खात्यात होते म्हणून बाबाही तिथेच लागले.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मला तीन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पहिले काही महिने घरात होते ते विकून निघाले. आधी पितळेचा हंडा गेला, मग बाबांचे घड्याळ गेले. पावसाळ्याच्या तोंडावर बाबांनी आईला आणि मला गावी, माण तालुक्यात, चुलत्यांकडे पाठवले. तिथे आम्ही वर्षभर राहिलो. माण म्हणजे दुष्काळी मुलूख, चुलत्यांची स्वतःची पाच माणसे, त्यात आम्ही दोन. पण काकींनी भाकरी मोजली नाही. चुलत्यांचा मोठा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. तो मला खांद्यावर घेऊन सगळ्या गावभर फिरवायचा म्हणे. मला त्यातले काहीच आठवत नाही, पण आईने इतक्या वेळा सांगितले आहे की मला त्या खांद्यावरून गाव दिसते. मी त्याला दादा म्हणते. पुढे दर मे महिन्यात गावी गेले की शाळेतल्या मैत्रिणींना सांगायची, "माझ्या भावाकडे जाते." 'चुलत' हा शब्द मी गिळून टाकायची.

मुंबईला परतल्यावर मला समज येऊ लागली तशी मी आईला विचारू लागले, "मला भाऊ-बहीण कधी आणणार?" आईचे उत्तर ठरलेले असे, "संप मिटला की बघू." बाबांचेही तेच. बाबा तोवर प्रभादेवीला एका इमारतीवर रखवालदार झाले होते आणि आई सी-फेसच्या इमारतींत धुणी-भांडी करत होती. गिरणी पुन्हा सुरू झाली, पण बाबांना परत घेतले नाही. मी रोज विचारायची, "संप मिटला का?" चाळीतली मोठी माणसे या प्रश्नावर हसायची, काही गप्प व्हायची. एका पोरीला संपाची एवढी काळजी का, हे त्यांना कुठले कळणार! मी सहावी-सातवीत गेले तेव्हा कुणीतरी सांगितले की संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो मिटलेलाच नाही. त्या दिवसापासून मी विचारणे बंद केले.

एकट्या मुलाचे लाड होतात असे सगळे म्हणतात. आमच्या घरात लाडाला पैसे कुठे होते? पण एक खरे, जे काही होते ते सगळे माझे होते. अंडे आणले तर ते अख्खे माझ्या ताटात. पुस्तके नवी. दिव्याखालची जागा माझी. आणि मारही सगळा माझाच. शेजारच्या घरी कुणी काही फोडले तर पाच जण एकमेकांकडे बोट दाखवायचे आणि तोवर आईचा राग निवायचा. आमच्याकडे बोट दाखवायला कुणी नव्हते. बाबा घरात आले की त्यांची नजर फिरून माझ्यावरच यायची. ते एक ओझेच होते. चौथीत मला गणितात कमी गुण मिळाले तेव्हा बाबा रागावले नाहीत, जेवले नाहीत. पाच पोरांच्या बापाला एवढे उपाशी राहणे परवडले नसते.

चाळीत एकटेपणा असा दिवसा नसतोच. नळावर, गॅलरीत, जिन्यात माणसेच माणसे. एकटेपणा रात्री यायचा, दारे बंद झाली की. भिंतीपलीकडे पांघरुणावरून भांडणे चालायची, कुणी कुणाला चिमटे काढायचे, कुणी रडायचे, मग आई एक धपाटा घालायची आणि सगळी गप्प. मी भिंतीला कान लावून ऐकत पडायची.

त्याच भिंतीपलीकडे माझी मैत्रीण राहायची. पाच भावंडांत थोरली. गणितात माझ्यापेक्षा हुशार, हे मी आज कागदावर लिहून देईन. सातवीनंतर तिची शाळा सुटली, कारण धाकट्या जुळ्यांना सांभाळायला घरी कुणी नव्हते. मी बी.कॉम. झाले आणि कारकून म्हणून सरकारी नोकरीत लागले. ती आता तीन घरची पोळ्यांची कामे करते. सभेत मी शिक्षणावर बोलते तेव्हा बायका म्हणतात, ताईंनी कष्टाने मिळवले. कष्ट केले ते खोटे नाही. पण माझ्या पाठीवर कुणी नव्हते म्हणून मला वर्गात बसता आले आणि तिच्या पाठीवर चौघे होते म्हणून तिला उठावे लागले, एवढा तो हिशेब सरळ आहे. तिच्यासमोर मी शिक्षणावर भाषण करत नाही.

आता नातेवाइकांचे. एकच मूल, आणि तेही मुलगी! आजी गावाहून आली की महिनाभर घरात तो एकच विषय. "कूस आटली हिची." "वंशाला दिवा नको का?" एकदा तर माझ्यासमोर बाबांना म्हणाली की दुसरी कर, कोण नको म्हणतंय. बाबा उठून बाहेर गेले. आईने चुलीपुढची मान वर केली नाही. चाळीतल्या एक वयस्क बाई आईला समजावायच्या, "रमाईचं बघ. चार लेकरं डोळ्यांदेखत गेली, एकटे यशवंतराव राहिले. तुझी एक तर एक, धडधाकट हाय नव्हं?" आई त्यांच्याजवळ रडायची. नवसासायासाच्या गोष्टी आमच्या घरात बंद झालेल्या होत्या, पण सून म्हणजे पोरे काढायचे यंत्र हा समज धर्मांतराने आपोआप गेला नाही. हे आपण आपल्या सभांतून फारसे बोलत नाही, म्हणून इथे लिहिते.

बाबा २०१४ साली गेले. गिरणीतल्या तुसाने छाती आधीच पोखरलेली होती. शेवटचे अठरा दिवस हॉस्पिटलात होते आणि प्रत्येक कागदावर सही माझी. रात्री दोन वाजता डॉक्टर विचारतात, नळी घालायची का, आणि आपल्याकडे 'भावाला विचारून सांगते' म्हणायची सोय नसते. माझे पती सोबत होते, पण बाप माझा होता. जो निर्णय घेतला तो बरोबर होता का, हे आजही कुणाशी बोलता येत नाही, कारण तो बाप दुसऱ्या कुणाचा नव्हता. मला वाटते भावंड लागते ते यासाठी. लहानपणी खेळायला शेजारची पोरेही चालतात.

स्मशानात कुजबुज झाली, पुतण्या आहे, तो अग्नी देईल. दादा गावाहून आलाच होता. त्याने माझ्याकडे बघितले आणि मला पुढे केले. म्हणाला, "लेक हाय की त्यांची." आम्ही दोघांनी मिळून अग्नी दिला.

पुण्यानुमोदनानंतर पाहुणे पांगले. आई आणि मी बाबांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी एक पिवळा पडलेला कागद होता, महापालिकेच्या दवाखान्याचा. बाबांचे नाव, १९८३ साल आणि नसबंदी शस्त्रक्रिया. मी कागद हातात धरून बसले. आई म्हणाली, "ठेव तो आत." मी ठेवला नाही. मग आईने सांगितले.

गावाहून परतल्यावर आईला दिवस गेले होते. घरात दाणा नव्हता. दोघांनी दोन रात्री बसून ठरवले आणि आईने दवाखान्यात जाऊन पिशवी साफ करून घेतली. पुढच्याच महिन्यात बाबांनी स्वतःचे ऑपरेशन करून घेतले. तो काळ आठवा. आणीबाणीत, १९७६ साली, नसबंदीची जी सक्ती झाली तिची धास्ती माणसांच्या मनातून गेलेली नव्हती. आपल्याच राज्याच्या विधिमंडळाने त्या वर्षी सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. त्याचा कायदा झाला नाही ही गोष्ट वेगळी. पुरुषाने आपण होऊन ऑपरेशन करून घेतले असे चाळीत कळले असते तर बाबांना तोंड दाखवता आले नसते. म्हणून आईनेच त्यांना शपथ घातली होती, कुणाला सांगायचे नाही.

म्हणजे "संप मिटला की बघू" हे खोटे होते. मी रोज संप मिटण्याची वाट बघत होते आणि तो मिटला असता तरी कुणी येणार नव्हते. मला त्याचा राग आला नाही. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. आजी "कूस आटली" म्हणायची तेव्हा बाबा उठून बाहेर का जायचे? एकदा तरी म्हणायचे होते की तिचा दोष नाही, ऑपरेशन मी केले आहे. तीस वर्षे त्या माउलीने ऐकून घेतले. मी हे बोलले तेव्हा आई माझ्यावरच उखडली. "मीच गप बसवलं हुतं त्यांना. तुला काय ठावं?" मग थोड्या वेळाने म्हणाली, ऑपरेशनचे सरकारकडून जे पैसे मिळाले त्यातून तुझा शाळेचा पहिला फ्रॉक आणि पाटी घेतली. त्यावर मला काही बोलता आले नाही.

नंतर मी बाबासाहेबांच्या शासनप्रकाशित खंडात १९३८ चा संततिनियमनाचा ठराव वाचला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या वतीने रोहम यांनी तो मांडला. बाजूने ११ मते आणि विरोधात ५२. त्या भाषणात एक मुद्दा असा की बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त मूल होऊ द्यायला कुणी पुरुष तयार झाला नसता. हे मी आईला वाचून दाखवले. तिने पुन्हा वाचायला लावले. म्हणाली, "हे तुझ्या आजीला कुणी वाचून दाखवायला पायजे हुतं."

एकटे मूल स्वार्थी निघते, हट्टी निघते, या समजुतीबद्दलही मी शोधाशोध केली, कारण आमच्या ऑफिसात हे मला तोंडावर ऐकवणारे आहेत. अमेरिकेत टोनी फाल्बो आणि डेनिस पोलिट या दोन बाईंनी १९८६ साली या विषयावरचे ११५ अभ्यास एकत्र तपासले. एकटी वाढलेली मुले स्वभावात आणि माणसांत मिसळण्यात इतरांपेक्षा उणी नसतात, असे त्यांना आढळले. ऑफिसातल्यांना मी हे सांगितले. त्यांचे मत बदलले नाही, पण डबा उघडल्यावर आधी सगळ्यांना विचारते कोण, हे त्यांनी एकदा मोजावे.

आता तर घरोघर एक किंवा दोनच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ आला. मला स्वतःला दोन मुले आहेत. ती रिमोटवरून भांडतात तेव्हा मी मध्ये पडत नाही. पती वैतागतात. मी म्हणते, भांडू द्या.

रविवारी मी वरळीला आईकडे येते आणि विहारात लोकांचे अर्ज भरून देते. चाळींच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे होऊ लागली, ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या कुटुंबांना चाव्याही मिळाल्या. तेव्हापासून एकेका खोलीवर पाच-पाच वारस येऊन बसतात. ज्या भावंडांची भांडणे मी भिंतीला कान लावून ऐकली, तीच आता प्रतिज्ञापत्र घेऊन माझ्यासमोर वेगवेगळ्या बाकांवर बसतात. बहिणींना मी एकच सांगते: घाईने हक्कसोडपत्रावर सही करू नका. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ हा आपल्या बौद्धांनाही लागू आहे, वडिलांच्या मागे मुलगी आणि आई पहिल्या वर्गाच्या वारस आहेत, आणि नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मागे घेणे सोपे नसते.

आणि माझ्याच कपाटात एक हक्कसोडपत्र पडून आहे.

गावची जमीन अडीच एकर, कोरडवाहू. सातबाऱ्यावर चुलते आणि बाबा यांची नावे होती. बाबांच्या मागे आई आणि मी लागलो. तीन वर्षांपूर्वी दादाने विहिरीसाठी कर्ज काढायचे ठरवले. बँक म्हणाली सगळ्या खातेदारांच्या सह्या हव्यात. दादा कागद करूनच घेऊन आला. "तू काय गावाला येऊन कसणार हायस का?" म्हणाला. खरेच आहे, मी कसणार नाही. मी म्हटले, दादा, कर्जासाठी संमतीपत्र देते, त्यावर आई आणि मी आत्ता सही करतो. हक्कसोड कशाला? तो काही बोलला नाही. चहा अर्धा ठेवून उठला. संमतीपत्रावर सह्या झाल्या, विहीर झाली, पाणीही लागले. पण तो कागद त्याने परत नेला नाही, आणि मेमध्ये 'कधी येतेस' म्हणून त्याचा फोन यायचा तो दोन वर्षे आला नाही.

ज्या बाईला सख्खे भाऊ आहेत तिला हे कळायचे नाही. आई आहे तोवर मला वरळीची खोली हे माहेर आहे. त्यानंतर माझे माहेर म्हणजे दादा. सव्वा एकरात माहेर मिळत असेल तर ते स्वस्त आहे, असे मी रात्री म्हणते. सकाळी विहारात बसून दुसऱ्या बाईला सांगते, सही करू नका. आईला विचारले तर ती उलटसुलट बोलते. एकदा म्हणते, "संपात वरीसभर त्यांनी घातलं खायाला, दे करून सही." दुसऱ्या दिवशी म्हणते, "तुझ्या बापानं मुंबईहून पैसं धाडलं म्हणून ती जमीन सावकाराकडनं सुटली. माझी सही न्हाई." दोन्ही खरे आहे.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. त्याच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरले आहे. म्हणाला, "आत्या म्हणून पुढं तुलाच उभं राहायचंय, आठ दिस आधी ये." कागदाचे नाव काढले नाही. मीही काढले नाही. रजा टाकली आहे. आई आणि मी काल दादरला जाऊन पोरीसाठी साडी घेऊन आलो. रात्री पिशवी भरताना कपाट उघडले तर जुन्या रेशनकार्डाखाली तो कागद होता. मी तो काढून हातात घेतला. आई खाटेवरून म्हणाली, "कागद ऱ्हाऊ दे. साडीला फॉल लावलास का?"

लावला नव्हता. रात्री बारापर्यंत फॉल लावत बसलो.